औषधाचे कुलूप आणि वायूची पेटी

कायदा कशाला मनाई करतो हे आपण पाहतो. मनाईनंतर काम करणाराच्या हातात काय उरते, हे पाहावयाचे राहून जाते. अमेरिकेतील प्राण्यांच्या निवाऱ्यांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

असाध्य दुखण्याचे जनावर मारावेच लागले तर कमीत कमी यातनांनी मारावे, हा विचार जुना आहे. याच हेतूने १८८४ साली लंडनच्या बॅटरसी श्वानगृहात डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी क्लोरोफॉर्म व कार्बनिक आम्लवायू यांची कोठडी उभारली. पुढे पेंटोबार्बिटल हे झोपेचे औषध आले. त्याची मोठी मात्रा शिरेत टोचली की जनावर काही क्षणांत बेशुद्ध होते. मग श्वास थांबतो आणि मग हृदय.

परंतु हेच औषध माणसे नशेसाठीही घेत. म्हणून १९७० च्या अमेरिकन नियंत्रित द्रव्यांच्या कायद्याने त्यावर बंधने घातली : केंद्र सरकारकडे नोंदणी, कुलपातला साठा, आवकजावकीचा हिशेब. हेतू रास्तच होता. पण राज्याच्या कायद्यात निवाऱ्याला स्थान नसेल, तर औषध पशुवैद्याच्या नोंदणीवरच मिळावयाचे. आणि लहान गावच्या निवाऱ्याला पगारी पशुवैद्य कोठून परवडणार? कार्बन मोनॉक्साइडला असली नोंदणी लागत नसे. वायूच्या पेट्या टिकून राहिल्या, त्याचे हे एक कारण होय. त्या पेटीपाशी उभा राहणारा पगारी नोकर असे. कायदा करताना त्याला कोणी विचारले नव्हते.

वाट काढली ती राज्यांनी. अनेक राज्यांनी निवाऱ्यालाच थेट नोंदणीची मुभा दिली आणि शिकवून तयार केलेल्या नोकरांना इंजेक्शन देण्याचा अधिकार दिला. कॅलिफोर्नियाने १९९८ साली कार्बन मोनॉक्साइडवर बंदी आणली. २०११ साली अलाबामातील एका पेटीतून डॅनियल नावाचा बीगल जातीचा कुत्रा जिवंत बाहेर आला. २०१२ साली पेनसिल्व्हेनियाने पेट्या बंद केल्या, तो कायदा त्याच्याच नावाने ओळखला गेला.

आपल्याकडेही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात मोकाट कुत्र्यांसाठी प्राणहारक कोठडीचा उल्लेख आहे. २००१ च्या नियमांनी असाध्य आजारी कुत्र्यासाठी पशुवैद्याच्या हातून इंजेक्शन सांगितले. नियम चांगलाच. पण रात्री दहा वाजता रस्त्यावर गाडीखाली चिरडलेल्या कुत्र्यापाशी पोहोचणाऱ्या नोकराजवळ पशुवैद्य आहे का, औषध आहे का, हा प्रश्न नियम करतानाच सोडवला पाहिजे.