रांगेतली सहावी गाडी

आजची गोष्ट लूपची आहे, पण सुरुवात कापसापासून करू.

देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली आपल्या वऱ्हाडात, कारंज्याला सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस अन् धान्य बाजारांसाठी कायदाच आला. आता समजा, अशा बाजारात गाड्यांची रांग लागलीय अन् व्यापारी जागेचा नंबर धरून हर्रास करत चाललाय. पाचव्या गाडीचा सौदा झाला, ती निघाली, मागच्या गाड्या एकेक जागा पुढं सरकल्या. हा गेला सहाव्या जागेवर. मंग मूळची सहावी गाडी? ती आता पाचव्या जागेवर उभी आहे, अन् तिच्या मालकाला कोणी विचारलंच नाही.

1957 च्या फोर्ट्रानपासून लूपमधला हा नंबर प्रोग्रामरच सांभाळायचा. 1970 च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'क्लू' ही भाषा घडवली. त्यात 'कुठवर आलो' हे लक्षात ठेवायचं काम इटरेटरकडे गेलं. संग्रह आतून कसा रचलाय, हे बाहेरच्यानं बघायची गरजच उरली नाही. त्यानं फक्त पुढची वस्तू मागायची. 1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकातल्या 23 पॅटर्नमध्ये इटरेटरही आहे.

जावात 1996 ला एन्युमरेशन होतं, पण त्यातून वस्तू काढता येत नव्हती. 1998 मध्ये इटरेटर आला, सोबत रिमूव्ह घेऊन. 2004 मध्ये फॉर-ईच आला. कलेक्शनवर चालताना त्याच्या आतही इटरेटरच असतो.

अन् इथंच अमरावती-अकोल्याची आपली पोरं प्रॅक्टिकलला अडकतात. फॉर-ईच चालू असताना थेट लिस्टमधून वस्तू काढली, की 'कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन'. काऊन? कारण रांग मधेच हलली, हे इटरेटरनं ओळखलं. तो त्रास देत नाही, सावध करतो.

खरा घोळ वेगळाच आहे. अ‍ॅरेलिस्टमधली शेवटून दुसरी वस्तू अशी काढली, तर एरर येतच नाही. लूप गुपचूप संपतो आणि शेवटची वस्तू तपासायची राहून जाते. म्हणून काढायचं तर इटरेटरच्याच रिमूव्हनं काढा, नाहीतर 2014 च्या जावा 8 मधलं रिमूव्ह-इफ वापरा.

एरर आली तर निदान कळतं तरी. सुटलेल्या गाडीचा पत्ता मात्र संध्याकाळी हिशोबाला बसल्यावरच लागतो. भेटू पुढच्या भागात.