पार्सलांतून पोहोचलेली चळवळ

राळेगावसारख्या कापसाच्या तालुक्यातल्या वाचकाला अमेरिकी गुलामगिरीविरुद्धची चळवळ परकी वाटणे साहजिक आहे. पण तिचा एक धागा थेट आपल्या काळ्या कसदार जमिनीशी जुळतो. 1839 मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली. तिचे गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्पसन यांचे म्हणणे असे, की हिंदुस्थानातल्या रयतेला नीट जगू दिले आणि तिचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळाला, तर गुलामांच्या घामावर पिकणाऱ्या अमेरिकी कापसाची सद्दी संपेल. गुलामगिरीविरोधी चळवळीतले बॉस्टनचे विल्यम लॉइड गॅरिसन हे थॉम्पसन यांचे जिवलग मित्र. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून त्यांची पत्रे वर्षानुवर्षे जात-येत राहिली.

नवख्या वाचकांनी या विषयाकडे भाषणांतून नव्हे, पत्रांतून वळावे. भाषणात भूमिका कळते. काम कसे चालले ते पत्रात दिसते. प्रती किती हव्यात, छापील कोण, पैसे कुठून येतील, हे सारे तिथे सापडते. 1845 मध्ये अमेरिकी गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस आयर्लंडला गेले, तेव्हा त्यांच्या आत्मकथनाची आवृत्ती डब्लिनचे मुद्रक रिचर्ड वेब यांनी काढली. सभांमधून तिच्या प्रती विकल्या जात आणि त्यातून डग्लस यांचा खर्च निघे. अमेरिकी कायद्याने हा लेखक तेव्हाही कुणाच्या तरी मालकीचा होता, हे ध्यानात ठेवून तो हिशेब वाचा.

मराठीत हा धागा जोतीराव फुल्यांनी उचलला. 1873 ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी या लोकांनी निःस्वार्थपणे झीज सोसली म्हणून. पुण्यात छापलेल्या पुस्तकाने इतक्या दूरच्या लोकांशी नाते सांगावे, याचे अप्रूप आजही कमी होत नाही. अर्पणपत्रिका ओलांडून पुढे जाऊ नका; तिथे थोडे थांबा.

त्यानंतर 1946 चे एक छोटे पत्र वाचा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन दिल्याचे वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याकडे त्याच्या दोन-तीन प्रती मागितल्या. अस्पृश्यांनाही तोच मार्ग धरावा लागेल, असा विचार त्यांच्या मनात होता. 31 जुलैला ड्यू बॉइस यांनी उत्तर लिहिले आणि सोबत निवेदन पाठवले. ही दोन्ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या संग्रहात आहेत आणि कुणालाही पाहता येतात. ती एकापाठोपाठ एक वाचावीत.