पोटातील गोळा आणि ध्वनीची कुळकथा

सोनपेठ तालुक्यातील एखादी स्त्री पोट वाढल्याची, दोन घास खाताच जड वाटत असल्याची तक्रार घेऊन परळीस किंवा परभणीस सोनोग्राफीकरिता गेली, म्हणजे तिला दोन गोष्टी हमखास भेटतात: गर्भलिंगनिदान येथे होत नाही असे बजावणारा, कायद्याने सक्तीचा केलेला फलक, आणि भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून बसण्याचा हुकूम. त्या फलकामुळे हे यंत्र गर्भ पाहण्याकरिताच निर्माण झाले असावे अशी समजूत रूढ झाली आहे. स्त्रीरोगचिकित्सेतील त्याच्या कुळाचा आरंभ मात्र स्त्रीच्या पोटातील गाठीपासून होतो, आणि ही गोष्ट आपल्या भागात सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

गाठ की गर्भ, हा पेच फार पुरातन आहे. चरकसंहितेत रक्तगुल्माची, म्हणजे स्त्रीच्या पोटात धरणाऱ्या रक्ताच्या गोळ्याची, चिकित्सा दहावा महिना उलटल्यावरच करावी असे सांगितले आहे. कारण तो गोळा गर्भाची लक्षणे धारण करतो, आणि चाचपण्यापलीकडे फारसे साधन हाती नसलेल्या वैद्याने निदानाचे काम काळावर सोपविणे हीच गर्भाच्या रक्षणाची तजवीज होती. पुढे १८०९ साली अमेरिकेतील केंटकी प्रांतात, जुळ्यांचे बाळंतपण अडले आहे अशा समजुतीने डॉ. इफ्रेम मॅकडॉवेल यांना जेन क्रॉफर्ड या बाईकडे बोलाविण्यात आले, तेव्हा तीही अंडाशयाची प्रचंड गाठच निघाली. भूल अद्याप अज्ञात असताना त्यांनी ती काढली आणि बाई पुढे तीस वर्षांहून अधिक जगली.

या पेचाला उत्तर मिळाले ते एका कारखान्यात. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रात असतात तसल्या अजस्र बॉयलरांच्या सांध्यांतील छुप्या भेगा शोधण्यासाठी स्कॉटलंडमधील रेन्फ्रू येथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनी श्रवणातीत ध्वनीचे यंत्र वापरीत असे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड, ज्यांना युद्धकाळातील वायुदलाच्या नोकरीमुळे रडारचे ज्ञान होते, १९५५ च्या जुलैमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीतून तेथे घेऊन गेले. द्रवाने भरलेल्या अंडाशयाच्या गाठीतून ध्वनी निर्वेध जाऊन पलीकडच्या भिंतीवरून स्पष्ट परततो, आणि गर्भाशयाच्या घन गाठीत तो क्रमाक्रमाने विरतो, हा भेद त्यांना तेथे दिसला. पुढे जठराचा कर्करोग हाताबाहेर गेला आहे असे ठरलेल्या एका स्त्रीच्या पोटावर त्यांनी यंत्र लावले. आत अंडाशयाची मोठी द्रवगाठ आढळली, ती काढली गेली आणि बाई वाचली. टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातही उल्लेख होता तो उदरातील गाठींचाच.

पाणी पिण्याचा रिवाज १९६३ च्या सुमाराचा. आतड्यांतील वायू ध्वनीला अडवितो. परंतु मूत्राशय तुडुंब भरले की ते आतड्यांना वर सारते आणि त्यातील पाण्यातून ध्वनी थेट गर्भाशय व अंडाशयांपर्यंत पोहोचतो, हे डोनाल्ड यांच्याच ध्यानी आले. योनिमार्गे तपासणी करावयाची असल्यास मात्र मूत्राशय रिकामे लागते.

याच यंत्राचा पुढे मुलींचे गर्भ हेरण्याकडे जो दुरुपयोग झाला, त्याने मराठवाड्याचे फार नुकसान केले. महाराष्ट्राने १९८८ सालीच त्याविरुद्ध कायदा केला, तरी सोनपेठच्या सरहद्दीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ भरल्या. फलक हवाच, आणि त्याची कडक अंमलबजावणीही हवी. परंतु पाळी गेलेली बाई आता आपल्याला सोनोग्राफी कशाला म्हणून घरी राहू नये. कारण अंडाशयाचा कर्करोग अधिककरून याच वयात उद्भवतो आणि आरंभी पोट फुगण्यापलीकडे फारशी खूण देत नाही. गाठीत घन भाग आहे काय, पडदे जाड आहेत काय, पोटात पाणी साचले आहे काय, एवढे पाहून आणि रक्तातील सीए-१२५ हे गाठीची खूण देणारे द्रव्य तपासून तिला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात पाठवावयाचे की नाही, हे ठरविता येते.