सांबा, मायक्रोसॉफ्ट आणि दहा हजार युरो

ओपन सोर्स विरुद्ध मायक्रोसॉफ्ट म्हटलं की लिनक्स आठवतं, फायरफॉक्स आठवतो, २००१ साली स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला दिलेली कॅन्सरची उपमा आठवते. मला मात्र या भांडणातली सगळ्यात आवडते ती सांबाची गोष्ट. नाव ऐकलं नसेल कदाचित, पण ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवरचा फोल्डर तुमच्या विंडोजमध्ये दिसत असेल, तर मागे बहुधा सांबाच राबत असतो.

सुरुवात डिसेंबर १९९१ची, कॅनबेरातली. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपला पीसी सन कंपनीच्या युनिक्स मशीनशी जोडायचा होता. पीसीवरचं सॉफ्टवेअर ज्या प्रोटोकॉलने बोलायचं त्याची माहिती त्याच्याकडे नव्हती. मग त्याने नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स बघून तो प्रोटोकॉल उलगडला आणि स्वतःचा सर्व्हर लिहिला. पुढे कळलं की मायक्रोसॉफ्टचं नेटवर्किंगही हीच भाषा बोलतं: एसएमबी.

या पद्धतीला तो फ्रेंच कॅफेची उपमा देतो. फ्रेंच येत नाही ना? मग कॅफेत बसा, गिऱ्हाईक काय म्हणतं आणि वेटर काय आणतो ते वहीत टिपा. मग तोच शब्द आपण म्हणून बघा. पाव आला तर अर्थ बरोबर! नावाचीही गंमतच. आधीच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क निघाला, तेव्हा पठ्ठ्याने डिक्शनरीत एस, एम, बी ही अक्षरं ओळीने येणारे शब्द शोधले. त्यात सापडला सांबा.

आता १९९८. मायक्रोसॉफ्टचा एक अंतर्गत मेमो फुटला. 'हॅलोवीन डॉक्युमेंट्स' म्हणून तो गाजला, आणि तो खरा असल्याचं कंपनीनेही मान्य केलं. ओपन सोर्सचा माल दर्जेदार असतो, ही कबुली त्यात होतीच. पण खरा मुद्दा पुढे होता. साधे, सर्वांना ठाऊक असलेले प्रोटोकॉल आहेत म्हणून हे लोक सर्व्हरच्या बाजारात शिरतात; तेव्हा प्रोटोकॉल वाढवा, नवे काढा, म्हणजे दार बंद. थोडक्यात, कॅफेतली भाषाच रोज बदलायची!

त्याच वर्षी सनने युरोपियन कमिशनकडे तक्रार केली, की विंडोजशी नीट बोलण्यासाठी लागणारी माहिती मायक्रोसॉफ्ट देत नाही. मार्च २००४ मध्ये निकाल लागला: ४९.७ कोटी युरो दंड, शिवाय प्रोटोकॉलची माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्या. मायक्रोसॉफ्ट अपिलात गेली.

आणि इथून पुढे खरी मजा. निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत सनने मायक्रोसॉफ्टशी समझोता केला, जवळजवळ दोन अब्ज डॉलरला. नोव्हेंबरमध्ये नोव्हेलने ५३.६ कोटी डॉलर घेतले. २००५ मध्ये रिअलनेटवर्क्सनेही तडजोड केली. एकेक मोठा साथीदार पैसे घेऊन बाजूला होत गेला, आणि कमिशनच्या बाजूने टिकून राहिलेल्यांत होती फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप आणि सांबाची टीम. २००६ साली लक्झेंबर्गच्या कोर्टात ट्रिजेल स्वतः बोलायला उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, यांना का नाही विकत घेतलं? माझ्या मते, घेणार कोणाला? सांबाचा कोड जगभरच्या लोकांनी लिहिलेला, जीपीएलखाली सगळ्यांचा झालेला. समझोत्यावर सही करून तो गुंडाळू शकेल असा मालकच नाही. एरवी व्यवस्थापनाच्या पुस्तकात जी कमजोरी ठरेल, तीच इथे तटबंदी ठरली.

सप्टेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट अपील हरली. तरी एक मेख होती. माहिती मिळेल, पण प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी द्या म्हटलं की जीपीएल बाद, कारण फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रती मोजणार कोण? अखेर कमिशनर नेली क्रूस यांच्या काळात अट ठरली: एकदाच दहा हजार युरो. २० डिसेंबर २००७ रोजी सांबासाठी एका ना-नफा संस्थेने ते भरले. कागदपत्रं गुप्त ठेवायची, पण त्यांवरून लिहिलेला कोड खुला करायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने प्रोटोकॉलची हजारो पानं स्वतःहून सर्वांसाठी खुली केली. डिसेंबर २०१२ मध्ये आलेला सांबा ४ ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं काम करू लागला. त्याआधी, २०११ मध्येच, मायक्रोसॉफ्टच्या एका इंजिनिअरने सांबाला चक्क जीपीएलखाली पॅच पाठवला होता :-)

आपण ओपन सोर्सवाले ही गोष्ट 'चांगला कोड जिंकतोच' अशी सांगतो. मला ते अर्धंच पटतं. सोळा वर्षं कान देऊन ऐकूनही काही दारं उघडली नव्हती. ती कायद्याने उघडली. पण कायद्याने दार उघडलं तेव्हा आत शिरायला कोणीतरी शिल्लक असावं लागतं, आणि ते काम विकत न घेता येणाऱ्यांनी केलं. दोन्ही लागलं.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना फुकट आहे का, हा प्रश्न मी दुसरा ठेवतो. पहिला प्रश्न, उद्या हे सोडायचं ठरवलं तर दुसरं कोणी याच्याशी बोलू शकेल का? युरोपच्या २०२२च्या डिजिटल मार्केट्स ॲक्टने मोठ्या मेसेजिंग सेवांसमोर हाच प्रश्न ठेवलाय. माणसं बदलली, कॅफे तोच आहे.