पासाच्या किमतीत न दिसणारा खर्च

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि १ ऑक्टोबर १८५५ला रूळ आमच्या वाशिंदपर्यंत आले. मुंबईहून अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. त्या रुळांनीच पुढे इथल्या माणसांना मुंबईची नोकरी आणि गावचं घर एकत्र सांभाळू दिलं.

मी मशीद बंदरला एका पेढीत हिशेब लिहायचे. मासिक पास स्वस्त, वाशिंदचं भाडं डोंबिवलीपेक्षा कमी, म्हणून सगळे म्हणत, परवडतं. पण कसारा लोकलने जाता-येता चार तास जात. पहाटे कणीक मळायची, डबा भरायचा, संध्याकाळी उभ्यानेच परतायचं. एक गाडी चुकली की पुढचीची बराच वेळ वाट. मुलाचा अभ्यास सासूबाईंनी घेतला. त्यांचे ते श्रम कुठल्याच वहीत जमेला धरले गेले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

मार्च २०२०मध्ये लोकल थांबली. सूनबाई घरूनच काम करू लागली. पास वाचला, पण इंटरनेट, इन्व्हर्टर, खुर्ची, वाढलेलं वीजबिल हे सगळं घराच्या माथी आलं. पूर्वी दिवे, पंखे कचेरीचे असत. तरीही मला हा हिशेब सरळसरळ फायद्याचा वाटतो, कारण नातीला आई दुपारी जेवताना दिसू लागली. आता कंपनीने आठवड्यातून तीन दिवस बोलावलंय. तिने पुन्हा पास काढलाय, आणि इंटरनेटचं बिलही चालूच आहे.