गोठ्यावर येणारी सोनोग्राफी

पाथर्डी हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुका. येथे गाय भाकड राहिली, तर विकतच्या चाऱ्याचा भार पशुपालकाला सोसावा लागतो. त्यामुळे कृत्रिम रेतनानंतर ती गाभण आहे की नाही, हे लवकर कळणे महत्त्वाचे ठरते.

हाताने तपासून निदान करण्यासाठी साधारणपणे ४५ ते ६० दिवस थांबावे लागते. सोनोग्राफीने ते सुमारे ३० दिवसांत होते. माजाचे चक्र २१ दिवसांचे असल्याने, गाय रिकामी आढळल्यास ४२ व्या दिवसाच्या सुमारास येणारा माज वाया जात नाही.

हे महागडे यंत्र प्रत्येक पशुवैद्यकाने घेण्याची आवश्यकता नाही. प्रशिक्षित तज्ज्ञ यंत्रासह ठरावीक दिवशी आल्यास अनेक जनावरे एकाच फेरीत तपासता येतात. त्यासाठी रेतनाच्या तारखांची नोंद मात्र हवी. आरंभीच्या काळात गर्भ नष्ट होण्याची शक्यता असल्याने ६० दिवसांच्या सुमारास फेरतपासणी करावी.

मानवी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली २०१२ मध्ये फिरत्या सोनोग्राफी यंत्रांवर निर्बंध आले. म्हणून अशी सेवा सुरू करण्यापूर्वी जिल्ह्यातील समुचित प्राधिकाऱ्यांकडून नियम समजून घेणे इष्ट.