रूळ, चाक आणि संगणकाचा गाभा

पाचोऱ्याला जामनेरची छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचा विषय निम्मा ठाऊकच आहे म्हणा ना! एका अंगाला मुंबई-भुसावळची मोठी लाईन, रुळांमधले अंतर साडेपाच फूट. दुसऱ्या अंगाला ‘पीजे’ची लाईन, अंतर अडीच फूट. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली ही छोटी गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली, आणि आता त्या मार्गाचे रुंदीकरण मंजूर झालेले आहे. पण शंभर वर्षे तिकडचा डबा मोठ्या रुळावर कधी चढला नाही. शेंदुर्णी-पहूरचा माल पुढे न्यायचा तर तो उतरवायचा, उचलायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा.

मात्र एक सोय होती. रुळाचे अंतर डोळ्यांना दिसते. संगणकात तसे दिसत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

संगणकाच्या कार्यप्रणालीत अगदी आत जो भाग असतो त्याला इंग्रजीत ‘कर्नेल’ म्हणतात. सरकी फोडली की आत जो मगज निघतो, तसाच हा गाभा. छपाईयंत्र, पडदा, तबकडी या सर्वांचा कारभार त्याच्या हाती. यंत्रे बनवणारे लोक आपापल्या यंत्रासाठी एक छोटा जोडभाग लिहितात आणि तो गाभ्याला जोडतात. जोडभाग गाभ्याला सांगतो, “ही दोन मूल्ये घे आणि अमुक काम कर.” उद्या गाभा सुधारला आणि त्याच कामासाठी तीन मूल्ये मागू लागला, तर? जुना जोडभाग दोनच देईल. तिसऱ्याच्या जागी जे काही पडलेले असेल ते गाभा उचलील. मग यंत्र बंद पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चालू राहील आणि लिहिलेला मजकूर गुपचूप बिघडवील. शाळेतल्या गुणपत्रकांच्या नोंदी अशा बिघडल्या तर गुरुजींना तो दोष कुठून सापडायचा?

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा गाभा लिहावयास घेतला. पुढे जगभरातले लोक त्यात भर घालू लागले, गाभा भराभर बदलू लागला, आणि ही जुळणी हा रोजचा प्रश्न झाला. त्यावर त्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. गाभा बांधतानाच प्रत्येक उघड्या कामाचे वर्णन घ्यायचे, म्हणजे त्याचे नाव, त्याला किती व कोणत्या जातीची मूल्ये लागतात, त्या जातींच्या पोटात काय आहे, हे सगळे. त्या वर्णनावरून गणिताने एक आकडा काढायचा. वर्णनात तसूभर फरक पडला तरी आकडा बदलतो. जोडभाग बांधला जातो तेव्हा हे आकडे त्याच्याबरोबर बांधले जातात. जोडायच्या वेळी गाभा दोन्ही आकडे ताडून पाहतो. जुळले नाहीत तर साफ नकार. कुणी म्हणेल, काय हा आडमुठेपणा! पण माझ्या मते तो नकार उपकारच आहे.

दुसरी तऱ्हा गाभ्याबाहेर राहून काम करणाऱ्यांची. ‘झेडएफएस’ ही साठवणीची व्यवस्था त्यांपैकीच. तिचे लेखक आपला जोडभाग बांधण्याआधी चार ओळींचे चाचणीलेख तयार करतात आणि समोरच्या गाभ्यावर ते बांधून पाहतात. बांधला गेला, तर ते काम जुन्या रूपात आहे; अडला, तर नव्या. त्याप्रमाणे पुढचा मजकूर निवडायचा. कारखान्यात धुरा तयार झाला की दोन चाकांमधले अंतर मापाने तपासतात, तसेच हे. मोठ्या लाईनीसाठी आतल्या बाजूचे ते अंतर १६०० मिलिमीटर धरतात.

गाभ्याच्या आतल्या जोडण्या कायम ठेवण्याचे वचन लिनक्सचे लोक देत नाहीत. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याची कारणे लिहून गाभ्याच्या दस्तऐवजांतच ठेवली आहेत. वर चालणाऱ्या सामान्य कार्यक्रमांशी असलेला करार मात्र मोडायचा नाही, हा टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक. घरातली भांडी कुठेही हलवा, पण पाहुण्याचा दरवाजा होता तिथेच राहू द्या!

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. या तपासण्या आकार पाहतात, अर्थ पाहत नाहीत. रुळाचे माप एकच असले, तरी निर्वात ब्रेकचे डबे हवेच्या दाबावरच्या ब्रेकच्या इंजिनाला लावून भागत नाही. अमेरिकेचे मंगळाकडे धाडलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी असेच हरवले. एका बाजूचा कार्यक्रम पौंडाच्या मापात आकडे देत होता, दुसरी बाजू ते न्यूटनचे समजून घेत होती. आकड्याच्या जागी आकडाच आला होता, म्हणून कुणी अडवले नाही. असा दोष पकडायला बांधणीच्या वेळची तपासणी पुरत नाही. दोन्ही बाजू एकत्र चालवून, माहीत असलेल्या उत्तराशी ताळा करूनच पाहावे लागते.